दादाच्या बोटीची पावती

३ मार्च

प्रिय वहिनी,

पाकीट जाड पाहून दचकू नकोस, आम्ही सगळे ठीक आहोत. माझे गुडघे सोडले तर घरात कुणाची तक्रार नाही.

दादाला जाऊन वर्ष झालं तेव्हा मी तुझ्याकडे चार दिवस राहून आले. निघताना तू मला बसमध्ये बसवलंस आणि खिडकीतून म्हणालीस, "बोट विकायची वेळ आलीच तर ती घरातच राहावी, वन्सं." तुला ते आठवतं की नाही कोण जाणे. मी मात्र पदराला गाठ मारून ठेवली होती. ती आज सोडते आहे.

आमच्या भिंगरीची बोट बाद झाली. तळाची लाकडं इतकी कुजली आहेत की दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, हिला रंग लावू नका, रंगसुद्धा बुडेल." आणि नेमकं आत्ताच तिला समोरच्या बेटांवरच्या मुलांना शाळेत न्यायचं-आणायचं काम मिळालं आहे. शाळा उघडायच्या आत स्वतःच्या नावावर बोट हवी, अशी अट आहे. तिनं माझ्यामागं टुमणं लावलंय, "आई, मामाची बोट मागून बघ." किंमत तू सांगशील ती. नातं आहे म्हणून कमी करू नकोस.

एकच कागद लागेल. बोट परदेशी बनावटीची असेल तर ती देशात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यावरचा आयात कर भरला होता, याचा पुरावा इथलं बंदराचं ऑफिस मागतं. पावती नसेल तर तो कर नव्या मालकाच्या मानगुटीवर बसतो, वर दंड. जुनी बोट घेताना लोक इंजिन पाहतात, तळ ठोकून पाहतात आणि इथं फसतात, असं भिंगरी सांगत होती. मी तिला म्हटलं, "तुझा मामा जन्मभर कस्टम्समध्ये होता. लोकांच्या पावत्या तपासण्यात त्याचे डोळे गेले. त्याच्या बोटीची पावती नसेल तर मग कुणाची असणार?"

शाळेत तू माझ्यापुढं दोन वर्षं होतीस आणि मी तुला ताई म्हणायचे. दादाशी लग्न करून तू माझी वहिनी झालीस आणि मलाच "तुम्ही" म्हणायला लागलीस. आता निदान व्यवहार करताना तरी "तू" म्हण. "तुम्ही"शी घासाघीस करता येत नाही.

तुझी,
नणंद

१४ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. "तुम्ही" आता जिभेवर बसलंय, ते काही उठायचं नाही.

बोलले होते, मला आठवतं. परक्याकडे जाण्यापेक्षा भिंगरीकडे गेलेली बरी. किमतीचं काय ते तुम्हीच ठरवा, मला त्यातलं काही कळत नाही.

बोट चांगली आहे. मी रोज संध्याकाळी जाते. ताडपत्री काढते, तळाशी साचलेलं पाणी पंपानं उपसते, केबिनच्या खिडक्या उघडते. मग ह्यांच्या बाकावर बसून थर्मासमधला चहा घेते, खिडक्या लावते आणि घरी येते. धक्क्यावरचा राखणदार परवा म्हणाला, "बाई, साहेब होते तेव्हा तुम्ही महिन्यातनं एकदा फिरकत नव्हतात." खरंच आहे ते. तेव्हा मला बोट लागायची. आता ती बांधलेलीच असते, म्हणून लागत नाही.

केबिनमध्ये अजून डिझेलचा आणि ह्यांच्या शेव्हिंग क्रीमचा मिळून एक वास येतो. घरातला तो केव्हाच गेला. मी धुणं धुतलं, चादरी बदलल्या, खिडक्या उघड्या टाकल्या. कुणी तरी आधी सांगायला हवं होतं.

पावतीचं बघते. ह्यांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही.

एक सहज विचारते. मुलांसाठी बाकं बसवायची तर केबिन काढावी लागेल का?

तुमची,
वहिनी

२९ मार्च

प्रिय वहिनी,

तू हो म्हणालीस हे कळल्यावर भिंगरी घरभर नाचली. बत्तीस वर्षांची बाई, पण पायाला अजून भिंगरी आहेच.

हो, केबिन काढावी लागेल. बारा मुलं बसायची आहेत, वर नुसतं छत, चारी बाजू मोकळ्या. मुलं सगळी समोर दिसली पाहिजेत असा नियम आहे. भिंगरी म्हणते, "मामाची केबिन म्हणजे दोन माणसांचा संसार आहे, तिथं माझी बारा कार्टी मावायची नाहीत."

पावतीसाठी कपाट उघडायचं तुझ्या जिवावर येत असेल तर मी येऊ का? दोघी मिळून उघडू. इथल्या साहेबांनी काय काय चालेल ते सांगितलंय: कर भरल्याची मूळ पावती, नाहीतर जिथं भरला त्या कस्टम ऑफिसचा दाखला. दोन्हीपैकी एक. साहेब तसे बरे आहेत, पण कागदाशिवाय हलत नाहीत. दादासारखेच म्हण.

दादानं ती बोट घेतली तेव्हा मी बाळंतीण होते, त्यामुळे मला त्यातलं काहीच नीट ठाऊक नाही. एक परदेशी जोडपं ती तिकडं टाकून गेलं आणि दादानं घेतली, एवढंच आईकडून ऐकलं होतं. तुला सगळं माहीत असणार.

मे उजाडायच्या आत कागद हाती आला तर रंगरंगोटीला वेळ मिळेल.

तुझी,
नणंद

११ एप्रिल

प्रिय वन्सं,

उत्तराला उशीर झाला. मध्ये डोळे दाखवून आले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकायला लागलाय. लहान अक्षर वाचवत नाही.

कपाट उघडलं. तुम्ही यायची गरज नाही, उगाच गुडघ्यांना प्रवास. बरेच कागद आहेत. काही ओलीनं चिकटून बसलेत. पावती असं काही हाताला लागलं नाही. ह्यांची कागद ठेवायची पद्धत त्यांची त्यांनाच ठाऊक.

इथल्या धक्क्यावर आमच्या बोटीपासून तिसरी बोट विकायला आहे. देशी बनावटीची, त्यामुळे आयात कराची भानगडच नाही. छत मोकळं, बाकं आधीच बसवलेली. मालक वयस्कर आहे, घेणाऱ्याच्या शोधात आहे. मी सहज चौकशी केली. आमच्यापेक्षा ती स्वस्त पडेल. भिंगरीला सांगून पाहा. आमची बोट काय, जुनीच झाली आता. इंजिन सकाळी दोनदा-तीनदा खोकल्याशिवाय सुरू होत नाही.

तुमची,
वहिनी

२० एप्रिल

प्रिय वहिनी,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा लिहिते आहे, सरळ लिहिते.

भिंगरीला दम नाही हे तुला माहीत आहे. तू पावती शोधतेस म्हणून तिनं परस्पर तुमच्या गावच्या कस्टम ऑफिसला पत्र टाकलं. म्हटलं, मामाचंच ऑफिस, चटकन दाखला देतील. त्यांचं उत्तर परवा आलं. त्या बोटीच्या नावानं किंवा दादाच्या नावानं कर भरल्याची कसलीही नोंद त्यांच्याकडे नाही. मागची-पुढची वर्षंही पाहिली म्हणतात.

भिंगरी ते पत्र घेऊन बंदराच्या साहेबांकडे गेली. मीही बरोबर होते. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं." भिंगरीचं तोंड लाल झालं. मी तिचा हात दाबला.

वहिनी, मी तुला दोष देत नाही. उलट मलाच मेल्यासारखं झालं. तू डोळ्यांचं लिहिलंस, ओलीचं लिहिलंस, दुसऱ्या बोटीचं लिहिलंस, आणि मी बावळट, मला कळलं नाही की तू त्याची बाजू सावरते आहेस. मी उगीच तुला कपाट उघडायला लावलं.

दादा शेवटी माणूसच होता. लहानपणी मी नऊ वर्षांची असताना तो मला बसमध्ये सहाची सांगायचा. "वाकून बस, गुडघे पोटाशी घे," म्हणायचा आणि अर्धं तिकीट काढायचा. कंडक्टर गेला की आम्ही दोघं हसत सुटायचो. ऑफिसातल्या लोकांनी डोळेझाक केली असेल आणि त्यानंही होऊ दिलं असेल. मोठी रक्कम असणार ती, आणि पगार तो केवढा. मला त्याचा राग नाही. माझ्या मनातला दादा आहे तिथंच आहे.

आता मार्ग असा निघालाय. आधीच्या मालकानं कर भरला नव्हता असं आपणहून लिहून दिलं तर साहेब दंड माफ करतील, फक्त कर भरावा लागेल. तो आम्ही भरू. तू एक पैसा द्यायचा नाहीस. अर्ज साहेबांनीच तयार करून दिलाय, सोबत जोडते. वारस म्हणून तुझी एक सही हवी, मी पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं. हे आपल्या तिघींत राहील. साहेब कुणाला सांगायचे नाहीत.

मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
नणंद

२५ एप्रिल

वन्सं,

अर्ज सही न करता परत पाठवते आहे. सोबत कर भरल्याची मूळ पावती आहे. रजिस्टर टपालानं पाठवली आहे, मिळाल्याचं कळवा.

ती सापडली असं मी म्हणणार नाही. ती हरवली नव्हती.

आमच्या ऑफिसात नोंद नाही, कारण कर तिथं भरलाच नव्हता. तुम्ही बाळंतीण होतात, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. ते परदेशी जोडपं इथं आलं, त्यातले गृहस्थ आजारी पडले, दोघं विमानानं आपल्या देशी गेले आणि बोट विकायला काढली. ह्यांनी घेतली. घेतल्यावर कर भरायचा तर बोटीची किंमत ठरवणार कोण? ह्यांच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस, जो रोज ह्यांच्या डब्यातलं खायचा. ह्यांचे साहेब म्हणाले, "अहो, आपलंच ऑफिस आहे, किंमत आपण बघून घेऊ." हे म्हणाले, "म्हणूनच इथं नको."

मग आम्ही दोघं बोट घेऊन पुढच्या मोठ्या बंदराला गेलो. माझा आयुष्यातला बोटीचा तेवढाच लांबचा प्रवास. मी सगळी वाट मांडीवर बादली घेऊन बसले होते आणि हे दर थोड्या वेळानं सांगत होते, "क्षितिजाकडे बघ, बरं वाटतं." मी म्हटलं, "क्षितिजच तर हलतंय." तिथल्या ऑफिसात हे साध्या शर्टात गेले. आपण याच खात्यातले आहोत हे सांगितलं नाही. दिवसभर व्यापाऱ्यांच्या मागं रांगेत उभे राहिले. किंमत ठरवायला आलेला अधिकारी नवखा होता, तोंडाचा फटकळ. त्यानं बोट अशी पाहिली की जणू चोरीची आहे. मी केबिनमध्ये पडून सगळं ऐकत होते. हे एक शब्द उलट बोलले नाहीत. त्यानं सांगितली ती रक्कम भरली. त्यासाठी माझ्या बांगड्या गेल्या, ते मी तुमच्या आईंनाही सांगितलं नव्हतं.

परतताना मी विचारलं, "जास्त लावला ना?" म्हणाले, "लावला. बरं झालं. कमी लावला असता तर वाटलं असतं, त्यानं ओळखलं मला."

इथं आल्यावर ऑफिसातले लोक दुखावले. आमच्यावर विश्वास नाही, म्हणाले. कित्येक महिने ह्यांच्याबरोबर डबा खायला कुणी बसलं नाही. हे एकटे खिडकीशी बसून खायचे. हे सगळं ज्या कागदासाठी झालं, तो मी ओलीनं चिकटला म्हणून तुम्हाला कळवला.

ही पावती तुमच्या हाती पडली की बोट इथून जाणार, हे मला तुमचं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. वाटलं, शाळा उघडेल, भिंगरी दुसरी बोट घेईल, विषय मिटेल. तुम्ही रागावला असता तरी चाललं असतं. तुम्ही ह्यांना माफ केलंत.

त्या अर्ध्या तिकिटाचं म्हणाल, तर वाचलेल्या पैशाचं आइस्क्रीम तुम्ही एकट्यांनी खाल्लं होतं. तेही मला ह्यांनी सांगितलंय.

तुमच्या साहेबांना पावती दाखवाल तेव्हा तारीख आणि शिक्का नीट वाचायला सांगा.

वहिनी

४ मे

प्रिय वहिनी,

पावती मिळाली.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. भिंगरी आली, वास घेऊन म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "दूध उतू गेलं."

मी दादाला माफ करायला निघाले होते. त्यानं काय केलं ते तुला विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. ऑफिसानं नोंद नाही म्हटलं आणि मी लगेच बसचं अर्धं तिकीट शोधून काढलं. सख्खी बहीण मी. परका माणूस म्हणाला असता, "थांबा, त्यांच्या बायकोला विचारू."

आइस्क्रीमचं खरं आहे. तो फक्त कांडी चाटायचा.

आता काय करायचं ते मी ठरवलंय. पावती साहेबांना दाखवली. फक्त दाखवली, भिंगरीच्या कागदांना जोडली नाही. त्यांनी तारीख वाचली, शिक्का वाचला, दुसऱ्या बंदराचं नाव वाचलं. मी त्यांना सगळं सांगितलं. मग त्यांनी उठून स्वतः मला खुर्ची दिली. मी आल्यापासून उभीच होते, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

पावती परत पाठवते आहे. बोट तुझ्याकडेच राहू दे. भिंगरीला मी एवढंच सांगितलंय की मामी बोट विकत नाही. ती फुरंगटली आहे, पण ती दर आठवड्याला कशावरून तरी फुरंगटतेच. तुझ्या धक्क्यावरची ती तिसरी बोट कुणी तरी कालच घेतली असं कळलं. भिंगरी वर्षभर भाड्याची बोट चालवेल, परवानगीसाठी नाक घासेल, नाहीतर यंदाचं काम सोडेल. तरुण आहे.

तू केबिनच्या खिडक्या उघडून बस.

तुझी,
नणंद

९ जून

प्रिय वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं त्याच दिवशी मी धक्क्याच्या ऑफिसातून भिंगरीला फोन केला. ती पावती पुन्हा तुम्हाला पाठवायची, तुम्ही पुन्हा मला, यात टपालखात्याचंच भलं झालं असतं. तिला म्हटलं, "ये आणि घेऊन जा." पुढचं तिनं तुम्हाला सांगितलंच असेल, पण तिचं सांगणं म्हणजे आगगाडी, म्हणून मी लिहिते.

ती आली. बोट सगळी फिरून पाहिली, तळ ठोकला, इंजिनाला शिव्या दिल्या. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मामी, आधीच सांगते, केबिन काढणार आहे. नंतर येऊन रडायचं नाही." मला तिचं ते सरळ बोलणं आवडलं. मी म्हटलं, "काढ. बारा पोरं किनाऱ्यावर खोळंबत ठेवायची आणि मी एकटीनं आत चहा पीत बसायचं, हे काही खरं नाही." मग मी रोज इथं येऊन बसते, पावती का दडवली, सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मला हे सगळं आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू बोट घेतली नसतीस." ती म्हणाली, "घेतली असती. पण आधी तुमच्याशी भांडले असते."

इंजिनाचं मी तिला नीट समजावून दिलं. गाद्या आणि ह्यांचा कप तेवढा काढून घेतला. ती निघाली तेव्हा मी धक्क्यावर होते. राखणदार टोपी काढून उभा राहिला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "अहो, कुणी गेलं नाही, बोट विकलीय."

आता वास नाही, हे खरं. त्याला इलाज नाही.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. तुमच्या साहेबांचं समाधान झालं, पण आमच्या ऑफिसात अजून नोंद नाहीच. उद्या दुसऱ्या कुणी विचारलं तर ते पुन्हा तेच कळवणार. म्हणून पावतीची खरी नक्कल घेऊन मी परवा तिथं गेले.

खिडकीवर एक बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, बोट तर तुम्ही विकली. आता ती आमच्या हद्दीतही नाही. नोंद कशाला?"

मी म्हटलं, "कुणी विचारलं की तुम्ही नोंद नाही असं कळवता."

"नसली तर तेच कळवणार ना?"

"बरोबर आहे. पण ऐकणारा पुढचं वाक्य स्वतःच लावतो."

त्यांनी पावतीची नक्कल हातात घेतली. मग म्हणाल्या, "दुसऱ्या बंदरात भरलेल्या करासाठी आमच्याकडे रकानाच नाही."

मी म्हटलं, "शेऱ्याचा असेल."

शेऱ्याचा होता. जुनं रजिस्टर काढायला त्यांना आत जावं लागलं. मी बाकावर बसून राहिले. हे जिथं डबा खायचे त्या खिडकीत आता झेरॉक्सचं मशीन आहे. बाई धूळ झटकत आल्या, त्या वर्षाचं पान उघडलं आणि लिहायला लागल्या. मध्येच मान वर करून म्हणाल्या, "इथं काम करत असताना तिकडं जाऊन भरला? एवढा खटाटोप?" त्यांनी नकलेवरची रक्कम वाचली आणि म्हणाल्या, "इथं भरला असता तर एवढा नसता लागला." मी म्हटलं, "हो."

लिहून झाल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मी चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं. पावतीचा क्रमांक बरोबर उतरवला होता. तारीख बरोबर, बंदर बरोबर. ह्यांचं नाव मात्र घाईत लिहिलं होतं, शेवटची दोन अक्षरं लागत नव्हती. मागं रांग होती. तरी मी त्यांना ते खोडून पुन्हा लिहायला लावलं.

तुमची,
वहिनी